मागच्या तीस दिवसांत तेल किती आणलंत?

संपादकांनी फोनवर विषय सुचवला तो रुपयाच्या घसरणीचा. रुपया कुठवर जाईल ते मला सांगता येणार नाही म्हटल्यावर ते जरा खट्टू झाले. ‘मग तुम्ही अर्थशास्त्राचे प्राध्यापक करता तरी काय?’ लग्नाकार्यात भेटणारी मंडळीही सोन्याचा भाव नाहीतर म्युच्युअल फंड, एवढंच विचारतात. शेअरबाजारात माझी अक्कल तुमच्याइतकीच.

आमच्यातले लोक भलभलत्या गोष्टींच्या मागे असतात. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरच्या शाळा अभ्यासल्या. ठरावीक जातींतल्या मुलांना जातभाईंच्या ओळखीनं कामगाराची नोकरी मिळे, म्हणून घरचे त्यांना मराठी माध्यमातच ठेवत. मुलींना त्या ओळखींचा उपयोग नव्हता, त्या भराभर इंग्रजी शाळांत गेल्या. हा निबंध २००६चा. अभिजित बॅनर्जींनी नोबेलच्या बऱ्याच आधी तीन सहकाऱ्यांसह आपल्या सहकारी साखर कारखान्यांवर लिहिलं होतं: उसाचा भाव दाबून ठेवायचा आणि कारखान्यात उरलेल्या पैशावर बड्या बागायतदारांनी हात मारायचा. ऍल्विन रॉथ यांनी तर मूत्रपिंडांच्या अदलाबदलीची पद्धत बसवली.

माझा प्रांत त्या मानानं रुक्ष. घरोघरच्या खर्चाची पाहणी. देशात गरीब किती, हा आकडा त्यातूनच निघतो. पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावरचा आपला अभ्यास मांडला, तोही राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अशाच आकड्यांवर. दारिद्र्यरेषा कुठे आखावी यावर लोक हिरिरीनं भांडतात. २०११ साली शहरात माणशी रोजच्या बत्तीस रुपयांवरून किती गदारोळ झाला! भांडावं, जरूर भांडावं. पण रेषेच्या वर कोण आणि खाली कोण, हे प्रश्न कसा विचारला यावर ठरतं, याकडे कुणी बघत नाही.

इथे थोडं तांत्रिक बोलते, कंटाळा आला तर एक परिच्छेद गाळा. ‘मागच्या तीस दिवसांत तेल किती लागलं?’ असं विचारलं की माणूस विसरतो. सात दिवसांचं विचारलं तर दहा दिवसांपूर्वीची पिशवीही त्यात घुसडतो. नव्वदच्या दशकात दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या घरांना विचारून पाहिले, तर सात दिवसांच्या प्रश्नानं गरिबांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. ताटात एक घास वाढला नव्हता! मग १९९९-२००० च्या पाहणीत एकाच घराला, एकाच तक्त्यात, दोन्ही प्रश्न शेजारीशेजारी विचारले. सांगणाऱ्यानं आणि लिहून घेणाऱ्यानं दोन्ही उत्तरं जुळवून घेतली असणार, हे उघड आहे. दारिद्र्य ३६ टक्क्यांवरून २६वर आल्याचं जाहीर झालं आणि वादाला तोंड फुटलं. अँगस डीटन यांनी युक्ती काढली: इंधनासारख्या ज्या वस्तूंचा प्रश्न बदललाच नव्हता, त्यांच्या खर्चावरून बाकीचा अंदाज बांधायचा. त्यांच्या मते घट बरीचशी खरी होती. अभिजित सेन आणि हिमांशू यांना ती इतकी मोठी वाटली नाही. मला विचाराल तर डीटन यांची युक्ती देखणी आहे, पण इंधन आणि एकूण खर्च यांचं नातं दोन पाहण्यांमधल्या सहा वर्षांत जागचं हललं नाही, हे तिचं गृहीतक माझ्या गळी उतरत नाही. सहकारी या विषयावर माझ्याशी बोलायचं टाळतात.

या सगळ्याला वैतागून विषय सोडावा, असं मनात येऊन गेलं ते २०१९ मध्ये. २०१७-१८ची पाहणी पुरी झाली होती, आणि सरकारनं गुणवत्तेचं कारण देऊन ती प्रसिद्धच केली नाही. आकडे सदोष असतील तर दोषांसकट दाखवा, आम्ही त्यासाठीच बसलो आहोत. २०११-१२ नंतर प्रसिद्ध झालेली पुढची पाहणी थेट २०२२-२३ची. तिच्यात चारशेहून अधिक वस्तू, एका घरी तीन फेऱ्या, शिवाय पद्धतही बदललेली. म्हणजे जुन्या आकड्यांशी तुलना करताना पुन्हा तोच घोळ.

त्यात गेटबंद सोसायट्यांत शिरणं पाहणीवाल्यांना सगळ्यात जड जातं. झोपडीत त्यांना चहा मिळतो, इथे वॉचमन अडवतो. सुखवस्तू घरांनी दार उघडलं नाही तर विषमता कागदावर कमी दिसते. तेव्हा टॅब घेऊन कुणी आलं, तर आधी ओळखपत्र बघा, मग त्याला आत बसवा आणि खर्च खरा सांगा.