गाळ्यावर विचारलेला प्रश्न

एप्रिलच्या पहाटे तुर्भ्याच्या फळबाजारात शिरलं की आंबे दिसण्याआधी त्यांचा वास येतो. कोकणातून रात्रभर धावून आलेल्या गाड्या रिकाम्या होत असतात, माथाड्यांच्या पाठीवरून हापूसच्या पेट्या गाळ्यांत येत असतात आणि गवताचा, लाकडाचा, अर्ध्या पिकल्या फळाचा मिळून एक उबदार गोडवा दिवे मालवायच्या आधीच सगळीकडे पसरलेला असतो. या बाजारात पोटाला लागलेली माणसं जाहिरात वाचून आलेली नाहीत. साताऱ्याकडचा कुणी आधी मशीद बंदरला होता, त्याच्यामागून गावचा दुसरा आला. घाऊक बाजार मुंबईतून इकडे हलले तशी ही माणसंही खाडी ओलांडून आली. ‘तिकडे माणूस लागतोय’ एवढ्या तीन शब्दांवर किती संसार उभे राहिले असतील!

काही वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे आमच्या इमारतीतली एक मुलगी आणि तिचे वडील यांच्यासोबत मी तिथे गेलो होतो. मुलगी वनस्पतीशास्त्रात बीएस्सी झालेली. घरात बँकेच्या परीक्षांची पुस्तकं आणि रोज संध्याकाळी ‘काही आलं का?’ हा प्रश्न. वडील पेटीचा भाव करत होते आणि ती गाळ्याच्या कोपऱ्यात रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांकडे पाहत होती. खोक्यावर वर्तुळात एक हिरवं फूल छापलेलं होतं.

“काका, हे चिन्ह कसलं?”

आढतदार घाईत होता, तरी थांबला. हा माल अमेरिकेला जातो, म्हणाला. आंब्याच्या कोयीत भुंगा दडून बसतो, बाहेरून फळ कितीही देखणं असलं तरी तो दिसत नाही. म्हणून इथेच वाशीत पणन मंडळाच्या केंद्रात आंब्यावर किरणांचा मारा करतात, त्याची ही खूण. जपानला जाणाऱ्या आंब्याला गरम वाफ देतात, युरोपच्या आंब्याला गरम पाणी. २०१४ मध्ये फळमाशी सापडली म्हणून युरोपने आपला आंबा बंद केला होता, तेव्हा किती जणांचे हात कपाळाला गेले तेही त्याने सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, फळ निवडतं कोण? डाग कुठला चालतो, कुठला नाही, हे कुणाला कळतं?

“त्याचीच तर माणसं मिळत नाहीत सीझनला,” तो म्हणाला आणि एका पॅकहाउसवाल्याचा नंबर तिला लिहून दिला.

त्या सीझनला ती पॅकहाउसमध्ये उभी राहून आंबे निवडायला शिकली. देठाशी सुकलेला चीक, सालीवरचा माशीचा बारीक डंख, कातळावरच्या आंब्याची आणि खाडीकाठच्या आंब्याची वेगवेगळी साल. कापल्याशिवाय न दिसणारा साका नेमका कुठल्या फळात निघेल, याचा जुन्या बायकांना येणारा अंदाज तिने त्यांच्या शेजारी उभं राहून पाहिला. आज ती निर्यातीच्या मालाची गुणवत्ता तपासते, कागदपत्रं बघते. ती जागा कुठल्याही वर्तमानपत्रात छापून आली नव्हती. मला मोलाचं वाटतं ते हे, की तिने त्या पहाटे नोकरी मागितलीच नव्हती. तिला फक्त ते हिरवं फूल कळून घ्यायचं होतं.

बेलापूरच्या खाडीवर फ्लेमिंगो उतरले की मला पक्षीतज्ज्ञ सालिम अली आठवतात. त्यांचंही असंच एका प्रश्नापासून सुरू झालं. १९०८ मध्ये पिवळ्या गळ्याची एक चिमणी त्यांनी मारली आणि ही कुठली, या एका प्रश्नापायी दहा-बारा वर्षांचा तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत, तिचे सचिव मिलार्डसाहेब यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. मिलार्डनी त्याला हाकललं नाही, कपाटं उघडून पक्ष्यांचा संग्रह दाखवला. पुढे विद्यापीठाची पदवी नाही म्हणून सरकारी जागा मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मिळालेली गाइड-लेक्चररची जागा ते बर्लिनहून शिकून येईपर्यंत रद्द झालेली होती. मग ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि दारातल्या झाडावर सुगरणी घरटी कशी विणतात ते दिवसच्या दिवस पाहत बसले. त्यानंतर त्यांनी संस्थानांना विचारलं: तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करू का? पगार नको, मोहिमेचा खर्च तेवढा द्या. हैदराबाद संस्थानाची पाहणी अशी झाली. ते काम त्यांच्या विचारण्याआधी अस्तित्वातच नव्हतं. अर्थात बिनपगारी काम सगळ्यांना परवडत नाही, आणि आजच्या मुलांकडून कुणी तशी अपेक्षा करू नये, असं माझं ठाम मत आहे.

काम असं विचारण्या-सांगण्यातून मिळतं, हे कुणी तपासूनही पाहिलं आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास बोस्टनजवळच्या नोकरदारांना विचारलं होतं, तुम्हाला हे काम कसं कळलं? निम्म्याहून अधिक जणांना ते कुणाच्या तरी तोंडून कळलं होतं आणि सांगणारा बहुधा अधूनमधूनच भेटणारा माणूस होता. मला यात नवल वाटत नाही. घरच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. गाळ्यावरच्या आढतदाराचं जग मात्र वेगळं असतं.

पण विचारणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही, हे सीबीडी बेलापूरला दिसतं. तिथे जहाजांवर माणसं पाठवणाऱ्या कंपन्यांची कार्यालयं आहेत आणि इमारतींच्या तळाशी, पांढरा शर्ट, हातात फाइल, त्यात सीडीसी हे खलाशाचं नोंदपुस्तक आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं घेऊन दूरदूरच्या गावांतून आलेली पोरं उभी असतात. वॉचमन म्हणतो, रिझ्युमे ठेवून जा. दहा दारं हिंडून दमलेल्या मुलाला चहाच्या टपरीवर एखादा एजंट गाठतो आणि जहाजाच्या नावाखाली लाखांत पैसे मागतो. हे पैसे घेणं बेकायदा आहे. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार करारानुसार नोकरीसाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत, आणि परवानाधारक कंपन्यांची यादी डीजी शिपिंग या सरकारी कार्यालयाकडे पाहता येते. त्या मुलाला हे सांगणारं कुणीतरी वेळेवर भेटायला हवं होतं. नुकताच जहाजावरून उतरलेला एखादा खलाशी त्याच टपरीवर चहा पीत असतो. कुठल्या कंपनीत नवशिक्यांना घेतात, जहाजावर पहिले महिने कसे जातात, हे त्याला विचारायला पैसे पडत नाहीत.

नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, न्हावा शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, आणि २०२५ च्या डिसेंबरात आपल्या नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली. प्रत्येक वेळी या शहरात अशी कामं आली, ज्यांची नावं शाळा-कॉलेजात कुणी उच्चारली नव्हती. आजही उलव्याच्या, पनवेलच्या, उरणच्या मुलांना धावपट्टीपलीकडे रोज काय चालतं ते ठाऊक नसतं. म्हणून माझी विनंती आत पोहोचलेल्यांना आहे. गोदामात, प्रयोगशाळेत, कस्टम क्लिअरिंगच्या कार्यालयात तुम्ही असाल आणि दारात एखादं पोर ‘इथे काय करतात?’ असं विचारत आलं, तर त्याला आत घ्या, तुमचं काम दाखवा. वेळच नसेल, तर पुढे कुणाला विचारायचं त्याचं नाव आणि नंबर निदान लिहून द्या.