यादी एकोणीस कामांची

ह्यांची बँकेतली बदली नाशिकहून सिलिगुडीला झाली आणि सहा महिन्यांच्या आत आमच्या दारात एक जुनी जीप येऊन उभी राहिली. चहामळ्यातून निवृत्त होणाऱ्या एका गृहस्थांनी अकरा वर्षं वापरलेली, चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, म्हणजे लोक ज्याला ‘फोर बाय फोर’ म्हणतात ती. ‘‘डोंगराच्या पायथ्याशी राहायचं आणि डोंगरात जायचं नाही, याला काय अर्थ?’’ असं ह्यांचं म्हणणं. मुलं तर हरखूनच गेली. मी सकाळी गाडीखाली पडलेला तेलाचा डाग पाहिला आणि गप्प बसले.

पहिल्याच महिन्यात रंग, सीट कव्हर आणि टेपरेकॉर्डरच्या जागी नवी म्युझिक सिस्टिम यांवर बावीस हजार गेले. मग गाडी गॅरेजमध्ये दाखवली, तेव्हा दोन पानी यादी हातात आली. कामं एकोणीस, खर्च एक लाख छत्तीस हजार! सर्वात वर होतं ‘ट्रान्सफर केस उघडून दुरुस्ती’. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून देणारी ही पेटी. त्या एकाच कामाचे अठ्ठेचाळीस हजार. चौदाव्या ओळीत लिहिलं होतं, ‘मागच्या उजव्या चाकात थोडी ओल, पुढच्या वेळी पाहू.’

आमच्याजवळ गाडीसाठी बाजूला काढलेले पन्नास हजार होते. त्याहून जास्त हवे तर सासूबाईंच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचे पैसे मोडावे लागणार होते. ते मी मोडू देणार नव्हते. पण एकोणिसांतली कोणती कामं करायची आणि कोणती सोडायची, हे कोण सांगणार? निर्णय होईना, म्हणून आम्ही तो पुढे ढकलला. गाडी चालते आहे ना, मग दिवाळीनंतर बघू, असं ठरवून 2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत संदकफूला निघालो. आज मागे वळून पाहते तेव्हा वाटतं, ही आमची मोठीच चूक होती.

पेडल खाली गेलं

सिलिगुडी सोडलं की थोड्याच वेळात रस्ता चढू लागतो. दोन्ही बाजूंना चहाचे मळे, मग मिरिकचं तळं, पुढे सुखियापोखरीचं धुकं. ह्यांनी घराबाहेर पडतानाच लिव्हर ओढून गाडी ‘चार चाकांवर’ घेतली होती. घाटात चार चाकं बरी, अशी त्यांची समजूत. अवघड वळणावर गाडी अडखळे, स्टिअरिंग जड होई. ‘‘बघ, ट्रान्सफर केसच गेली आहे,’’ हे म्हणत.

सुखियापोखरीहून मानेभंजांगला जाताना उतार लागला. एका वळणाआधी ह्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल नेहमीपेक्षा खूपच खाली गेलं. गाडी थांबली, पण ह्यांचा चेहरा पाहून माझ्या पोटात गोळा आला. मागे दोन्ही मुलं गाणी म्हणत होती. राहिलेला रस्ता आम्ही पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या वेगाने उतरलो.

मानेभंजांग हे नेपाळच्या सीमेवरचं लहानसं गाव. एक बाजू भारतात, दुसरी नेपाळात. इथून संदकफू एकतीस किलोमीटर. या गावाची खरी ओळख म्हणजे इथल्या जुन्या लँड रोव्हर. 1948 साली ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात ही इंग्लिश गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. चहामळ्यांच्या साहेबांसाठी आलेल्या गाड्या पुढे इथल्या लोकांनी घेतल्या, असं गावात सांगतात. आता स्टँडवर बोलेरो जास्त दिसतात, पण सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या लँड रोव्हर अजूनही प्रवासी घेऊन चढतात. अनेकींच्या पोटात आता देशी डिझेल इंजिन आहे.

आम्ही आमची जीप मुक्कामाच्या घराच्या अंगणात लावली आणि दुसऱ्या दिवशीसाठी अशीच एक लँड रोव्हर ठरवली. तिचे चालक साठीच्या पुढचे. सगळे त्यांना ‘दाजू’ म्हणत. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ. आम्हीही तेच म्हणू लागलो.

म्हातारीचं आरोग्य

सकाळी सहाला पाहिलं तर दाजू गाडीखाली आडवे झालेले. मी घाबरून विचारलं, ‘‘काही बिघडलं का?’’

‘‘नाही दिदी, बिघडू नये म्हणून बघतो आहे.’’

रात्री गाडीखाली दगडावर काही ठिबकलं आहे का, हे ते आधी पाहत. मग टायर, स्प्रिंगच्या पट्ट्या, स्टिअरिंगचे सांधे आणि शेवटी ब्रेक. गाडीला पोचे किती होते म्हणून सांगू! एका दाराला तर कडी म्हणून दोरी होती. मुलगा हसला तेव्हा दाजू म्हणाले, ‘‘बाबू, दोरी तुटली तर दार उघडेल. खालचा सांधा तुटला तर काय होईल?’’

या गाड्यांच्या अंगाचा पत्रा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, कारण महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती. त्याला पोचे पडतात, पण लोखंडासारखा गंज चढत नाही. खालचा सांगाडा, ज्याला चॅसी म्हणतात, तो मात्र पोलादी. तो आतून गंजला तर वरचा कितीही चकचकीत रंग काय कामाचा? दाजू दर पावसाळ्यानंतर लहान हातोडीने चॅसी ठोकून पाहतात. ठणठणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर तिथे आत काहीतरी शिजतं आहे. आमचे बावीस हजारांचे लाड मला तिथेच आठवले.

चित्रे, मेघमा, टुमलिंग. रस्ता कधी भारतात, कधी नेपाळात. बराचसा रस्ता आता सिमेंटचा झाला आहे, तरी चढ आणि वळणं तीच. गैरीबासनंतर सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाचं दाट जंगल. लाल पांडा इथलाच, पण आम्हाला काही दिसला नाही. पुढे काळपोखरीचं काळसर पाणी, मग बिखेभंजांग. बिख म्हणजे आपला बचनाग, ती विषारी वनस्पती या डोंगरांत उगवते. शेवटचा चढ असा की गाडी आकाशाकडे तोंड करून उभी आहे असंच वाटावं. तिथे दाजूंनी गाडी थांबवून दुसरी छोटी लिव्हर ओढली. गाडी मुंगीच्या चालीने, पण न थकता चढली.

संदकफूची उंची 3636 मीटर. पश्चिम बंगालमधलं हे सर्वात उंच ठिकाण. रात्री थंडीने दात वाजत होते. पहाटे मात्र सगळं विसरायला झालं. समोर कांचनजंगाची रांग, झोपलेल्या बुद्धासारखी. डावीकडे दूरवर एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू. सूर्याची पहिली किरणं पडली आणि पांढरं शिखर गुलाबी, मग सोनेरी झालं. सासूबाईंनी हे पाहायला हवं होतं, असं मला वाटलं. त्यांच्या डोळ्यांवर मोतीबिंदू होता.

उतरताना मी दाजूंच्या पायाकडे लक्ष ठेवलं. ब्रेकवर पाय क्वचितच जाई. ‘‘ज्या गिअरने चढायचं, त्याच गिअरने उतरायचं. गाडीला इंजिन धरून ठेवतं. ब्रेक तापला की त्याचं तेल उकळतं, मग पेडल नुसतंच खाली जातं.’’ गैरीबासला चहासाठी थांबलो, तेव्हा त्यांनी चारही चाकांच्या मध्यभागी हात लावून पाहिला. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल, तर तिथे ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग कोरडं आहे. ताप बघायला आपण मुलांच्या कपाळाला हात लावतो, तसंच की!

पेन्सिलीच्या तीन खुणा

मानेभंजांगला परतल्यावर आम्ही दाजूंना आमची यादी दाखवली. त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘ब्रेकचं तेल कमी होतं का?’’

‘‘होतं. मी दर पंधरा दिवसांनी भर घालतो,’’ हे म्हणाले.

‘‘मग ते जातं कुठे?’’

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. घरातल्या पिंपातलं पाणी रोज कमी झालं, तर आपण नुसतं भरत बसतो का? गळती शोधतोच ना! गावातल्या मिस्त्रीने मागचं उजवं चाक उघडलं. आतल्या सिलिंडरचं रबर कुजलं होतं, ब्रेकचं तेल झिरपून लायनर ओला झाला होता. हीच ती चौदावी ओळ, ‘पुढच्या वेळी पाहू’ म्हणून सोडलेली. त्या वळणावर पेडल आणखी बोटभर खाली गेलं असतं तर? मी तो विचार पुढे नेला नाही.

मग दाजू स्वतः चाकावर बसले. अंगणात अडखळत वळण घेतलं, लिव्हरकडे पाहिलं आणि हसू लागले. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घेतली, लिव्हर दोन चाकांवर टाकली आणि पुन्हा वळवली. गाडी लोण्यासारखी वळली! वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. आमच्या जीपसारख्या गाडीत चार चाकं जोडली की पुढचा आणि मागचा दांडा एकाच वेगाने फिरतो. चिखलात, बर्फात चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर चाक घसरत नाही, म्हणून गाडी अडखळते आणि आतल्या भागांवर उगाच ताण येतो. गॅरेजमध्येही गाडी तशीच चालवून पाहिली होती. दाजूंनी ट्रान्सफर केसचं थोडं तेल काढून बोटांवर चोळलं. त्यात धातूचा कीस नव्हता. अठ्ठेचाळीस हजारांचं काम म्हणजे आमच्या अज्ञानाची किंमत होती.

त्यानंतर त्यांनी माझी पेन्सिल घेतली. पहिली खूण, जे गाडीला थांबवतं, वळवतं आणि रस्त्यावर धरून ठेवतं त्याला. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, टायर. इथे उद्या नाही. दुसरी खूण, जे आज थोडक्यात होतं आणि टाळलं तर मोठं काम काढतं त्याला. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे आधीच्या मालकांना आठवत नव्हतं, म्हणजे तो बदलायचाच. तो चालत्या गाडीत तुटला तर इंजिन उघडावं लागू शकतं. गिअर टाकताना खालून ‘टक्’ आवाज येई, तो लांब दांड्याच्या झिजलेल्या क्रॉसचा. मागच्या डिफरन्शियलचं तेल दुधाळ दिसलं, म्हणजे ओढ्यातून जाताना आत पाणी शिरलं होतं. तिथे नवं सील आणि नवं तेल. तिसरी खूण उरलेल्याला. एसीचा गारवा, डॅशबोर्डची चीर, खडखडणारं दार. सवडीने करा, नाहीतर करूही नका.

टायर आमच्या यादीत नव्हतेच, कारण ते काळेभोर आणि खाचा असलेले दिसत. दाजूंनी टॉर्चने टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दोन टायरवर 1815, म्हणजे 2015 सालचा अठरावा आठवडा. रबर नऊ वर्षांचं, कडेला बारीक भेगा. उरलेले दोन त्यामानाने नवे. चार चाकं जोडून चालणाऱ्या गाडीला चारही टायर सारख्या मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत, नाहीतर पुन्हा तोच ताण.

भाग दार्जिलिंगहून यायला एक दिवस लागला. मागच्या दोन्ही चाकांचे सिलिंडर आणि लायनर नवे घातले, ब्रेकचं सगळं तेल बदलून हवा काढली, तेव्हाच आम्ही सिलिगुडीला निघालो. बाकीची कामं घरी परतल्यावर केली. यादीतली पाच आणि यादीबाहेरचे टायर, एकूण खर्च साडेअठ्ठेचाळीस हजार. चौदा कामं तशीच राहिली.

आपणही जाणार असाल तर

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ असतं, एप्रिल-मेमध्ये गुरांस फुलतो. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. ओळखपत्र जवळ ठेवावं, वाटेत तपासणी होते. मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर टुमलिंगला एक रात्र काढून मग वर जावं, म्हणजे उंचीचा त्रास कमी होतो. डोकं फार दुखलं, उलट्या झाल्या, तर शिखराचा मोह सोडून खाली उतरावं.

आणि जुनी गाडी घेतली असेल, तर दुरुस्तीची यादी हातात आल्यावर प्रत्येक ओळीपुढे दोनच गोष्टी विचाराव्यात. हा दोष मला दाखवा, आणि हे काम आज केलं नाही तर काय होईल ते सांगा. चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही.

सासूबाईंची शस्त्रक्रिया जानेवारीत झाली. परवा त्यांना जीपमधून मिरिकच्या तळ्याकाठी नेलं. दार अजून खडखडतं. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, हे दार का नाही गं दुरुस्त करत?’’

मी म्हटलं, ‘‘आई, ते तिसऱ्या खुणेचं आहे.’’