किल्ली येईपर्यंत

कुलपाविषयी माझी तक्रार कधीच नव्हती. माहेरच्या वाड्यात कोठीच्या खोलीला भले थोरले कुलूप असे आणि त्याची किल्ली आजीच्या कनवटीला. दिवाळीच्या आधी आठ दिवस आम्ही पोरे त्या दाराशी घुटमळत असू. पण लाडू आजीचे, दार आजीचे, तेव्हा कुलूपही आजीचे. त्यात गैर काय? लाडू रोख पैसे देऊन घरी आणावेत, डब्याला दुकानदाराचे कुलूप असावे, आणि "किल्ली मागाहून पाठवतो" असे त्याने सांगावे, हा प्रकार मात्र मी वयाच्या बासष्टाव्या वर्षी प्रथम पाहिला. तोही अमेरिकेत.

२०१० सालची गोष्ट. आम्ही दोघे न्यू जर्सीला लेकीकडे गेलो होतो. ह्यांना त्याआधी तीनचार वर्षांपासून कमी ऐकू येऊ लागले होते. यंत्र कानात घालूनही थिएटरातले संवाद कळत नसत. लोक हसले की हे माझ्या तोंडाकडे पाहत, मी कानाशी लागून सांगे, आणि मग हे एकटेच हसत. पुढे त्यांनी थिएटरात जाणेच सोडले. घरी मात्र पडद्याखाली अक्षरे उमटतात. म्हणून जावईबापूंनी मुद्दाम नवा ब्लू-रे प्लेअर घेऊन ठेवला होता आणि एका गाजलेल्या चित्रपटाची नवी कोरी तबकडी आणली. शनिवारी रात्री जेवणे उरकून आम्ही ओळीने बसलो. तबकडी आत गेली, थोडी घरघरली, आणि पडद्यावर दोन ओळी आल्या. त्यांचा मथितार्थ असा की, तुमचे यंत्र जुने झाले आहे, अपडेट करा.

यंत्राला घरात येऊन पाच महिने झाले होते. जावयांनी कंपनीच्या पानावर जाऊन पाहिले. अपडेट अजून निघालेच नव्हते.

मी तीस वर्षे गणित शिकवले आहे. अर्धवट समजलेली गोष्ट मला झोपू देत नाही. जावयांना प्रश्न विचारून विचारून मी हे प्रकरण मुळापासून समजून घेतले. डीव्हीडीवर पहिल्यापासून कुलूप होते. पण जगातल्या साऱ्या डीव्हीडींना एकाच जातीचे, त्यामुळे १९९९ साली ते उघडले ते कायमचेच उघडले. उघडणाऱ्यांत योन लेक योहान्सेन नावाचा पंधरा वर्षांचा नॉर्वेजियन मुलगा होता. त्याच्यावर खटला झाला आणि २००३ साली, आधी खालच्या आणि मग वरच्या, अशा दोन्ही न्यायालयांनी त्याला निर्दोष सोडले. स्वतः विकत घेतलेली तबकडी आपल्याच संगणकावर पाहणे हा गुन्हा कसा, असा न्यायालयाचा एकंदर सूर होता. मला त्या न्यायाधीशांना फराळाला बोलवावेसे वाटले.

पुढच्या तबकड्या करताना कंपन्या शहाण्या झाल्या. आता कुलूप असे केले की ते बदलता यावे. एखादी किल्ली चोरांच्या हाती लागली की नंतरच्या तबकड्यांना ती लागतच नाही. युक्ती नामी खरी. पण तीच किल्ली एखाद्या भल्या माणसाच्याही खिशात असते, आणि नवी मिळेपर्यंत त्यालाही पायरीवर उभे राहावे लागते. २००७ साली नेमके हेच झाले. संगणकावरच्या प्लेअरांच्या किल्ल्या फुटल्या म्हणून त्या बाद केल्या आणि गिऱ्हाइकांना सांगितले, नवा प्रोग्राम घ्या, नाहीतर नव्या तबकड्या विसरा. गिऱ्हाइकांनी मुकाट्याने घेतला. मे महिन्यात नव्या कुलपाच्या तबकड्या दुकानात यायच्या होत्या. त्या येण्याच्या आधीच ते कुलूप उघडल्याची बातमी आली!

त्यावर आणखी एक पहारेकरी नेमला होता, बीडी प्लस नावाचा. हा म्हणजे तबकडीवरच लिहिलेला एक छोटा प्रोग्राम. तो आत शिरून यंत्राची झडती घेतो आणि समाधान झाले तरच चित्र दाखवतो. हा दहा वर्षे टिकेल असे भाकीत एका अमेरिकन जाणकाराने २००७ साली केले होते. अँटिग्वा बेटावरच्या स्लायसॉफ्ट नावाच्या कंपनीने मार्च २००८ मध्येच त्याला गुंडाळल्याचे जाहीर केले. मग पहारेकऱ्याने वेश पालटला, मग ह्यांनी पुन्हा ओळखला. असे ते चालले होते.

आमच्या लेकीच्या शेजारी एक तेलुगू कुटुंब राहत असे. त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा तबकड्या संगणकात उतरवून ठेवण्यात पटाईत आहे, असे कानावर होते. नक्कल करणे मला पसंत नाही. परीक्षेत कॉपी करणाऱ्यांना मी कधी सोडले नाही. पण आठवडा झाला, हे रोज सकाळी चहाबरोबर "आलं का?" विचारू लागले, तेव्हा मीच त्या मुलाला जिन्यात गाठले. तो ओशाळून म्हणाला, "आंटी, ह्या डिस्कसाठी आमचंपण अपडेट अजून आलं नाहीये. रोज बघतोय."

म्हणजे सव्वीस डॉलर मोजणारे आमचे जावई आणि त्या कुलपाला पाठ दाखवणारा तो पोरगा, दोघे एकाच बाकावर बसून एकाच गाडीची वाट पाहत होते! फरक इतकाच, की त्याची गाडी आमच्या आधी दोन दिवस आली. तो सांगायला आला. मी नको म्हटले. आता हट्टाचाच प्रश्न झाला होता.

बाराव्या दिवशी आमची आली. परतीच्या विमानाला चार दिवस उरले होते. पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली, "वीज बंद करू नये" अशी ताकीद आली, आणि हे खुर्ची ओढून बटणापाशी पहाऱ्याला बसले. कुणाला फिरकू देईनात. त्या रात्री चित्रपट पाहिला. तो काही फार ग्रेट नव्हता. पण एका प्रसंगी सगळे हसले, आणि हे आमच्याबरोबर हसले. माझ्याकडे न पाहता.

आमच्या पुण्याच्या कपाटात मोझर बेअरच्या व्हीसीडी आहेत. २००७ च्या सुमारास ह्या देशी कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. चोरी परवडेनाशी करायची, हा त्यांचा विचार. व्हीसीडीला मुळात कुलूपच नसते. आमच्या त्या २८ रुपयांच्या तबकड्या आजही कुणाची परवानगी न विचारता लागतात. ती कंपनी बुडाली, अँटिग्वाची स्लायसॉफ्टही २०१६ साली बंद पडली.

गेल्या दिवाळीत आमच्या नातवाने नवा संगणक घेतला आणि आजोबांसाठी फोर-के तबकडी आणली. लागेना. ह्या तबकड्यांना संगणकाच्या चिपमध्ये एक खास बंदिस्त कप्पा लागतो, आणि चिप बनवणाऱ्यांनी २०२१ पासून नव्या चिपांतून तो काढूनच टाकला आहे. जुन्या संगणकावर लागेल, नव्यावर नाही.

"मग अपडेट किती दिवसांनी येईल?" ह्यांनी अनुभवी माणसाच्या शांतपणाने विचारले.

"आजोबा, ह्याचं येणारच नाही."

ह्यांना ऐकू गेले नसावे असे वाटून त्याने तेच पुन्हा मोठ्याने सांगितले.

"ऐकलं रे," हे म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "अगं, ती अठ्ठावीस रुपयांची एखादी काढ. नाटकाची."

त्यांवर अक्षरे उमटत नाहीत. पण ती नाटके ह्यांना पाठ आहेत.