शाकारलेल्या होड्या

जून. उत्तनला मासेमारी बंद. होड्या वाळूवर ओढून शाकारलेल्या. जाळं सांधणारे एक म्हातारे काका म्हणाले, "आता दोन महिने दर्या त्याचा त्याला."

मला मात्र जून १८४० आठवत होता. लॉर्ड विल्यम बेंटिंक आणि लॉर्ड कॅसलरे, दोन शिडाची जहाजं, मुंबईच्या अगदी तोंडाशी येऊन कुलाब्यापाशी फुटली. दीपगृह होतं तिथं, तरीही! नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्याकडे लोटू लागला की शिडाच्या जहाजाला पाऊल मागे घेणं जवळपास अशक्य. पुढे खडकांच्या पार टोकाशी प्राँग्जचं दीपगृह उभं राहायला १८७५ उजाडलं. पस्तीस पावसाळे!

अंधारताना उत्तनच्या टेकडीवर दिवा फिरू लागला. काकांनी मान वर केली नाही; सुतळी संपत आली होती.