पाडव्याच्या रात्रीचा उजेड

२ एप्रिल २०२२. पाडव्याचा दिवस. विदर्भातील आमच्या गावी गुढ्या उतरल्या होत्या आणि रात्रीचे आठ वाजत आले होते. अंगणात गलका झाला म्हणून बाहेर आलो. आकाशातून उजेडाची एक ओळ सरकत होती. पुढे मोठे गोळे, मागे बारीक ठिणग्या. साऱ्यांची चाल मात्र एक, संथ, दिंडीसारखी. "गुरुजी, काय होय हे?" शेजारच्या मुलांनी विचारले. शाळेत जन्मभर विज्ञान शिकविलेला माणूस मी. "उल्का", असे तत्काळ सांगून मोकळा झालो.

खरे तर त्याआधी ओठांवर 'राम राम' आले होते. ती आजीची शिकवण. तारा तुटला की कुणाचा तरी जीव गेला असे समजावे, रामाचे नाव घ्यावे, बोट दाखवू नये. या समजुतीची मी वर्गात थट्टा केलेली आहे. पुढे वराहमिहिराची 'बृहत्संहिता' चाळताना वरमलो. स्वर्गात पुण्यफळ भोगून खाली पडणाऱ्या जीवांची रूपे म्हणजे उल्का, असेच सहाव्या शतकातला हा ज्योतिर्विद सांगतो. मग धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे त्यांचे पाच प्रकारही पाडतो. धूमकेतूंविषयी तर तो मतभेद लपवीत नाही: कुणी ते १०१ मानतात, कुणी १०००, आणि नारदाच्या मते केतू एकच, तो नाना रूपे घेतो. एवढा धीर त्या रात्री मला नव्हता.

कारण माझे उत्तर चुकले होते. उल्का सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते आणि बहुधा दोन-चार सेकंदांत विझते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू त्याहून सावकाश, सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने, अगदी तिरपी उतरते. म्हणून तिचे जळणे मिनिटभर दिसते आणि तुकडे एकाच वाटेने जातात. ती संथ चालच सारे सांगत होती. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. चीनने २०२१ मध्ये सोडलेल्या अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असे अभ्यासकांनी अनुमान केले. मुलांना पुन्हा बोलावून मी माझे उत्तर दुरुस्त केले.

तेव्हा १९७९ चा जुलै आठवला. स्कायलॅब कोसळणार म्हणून सारा गाव धास्तावलेला. मी नवा मास्तर, ओट्यावर लोकांना समजावीत बसलेलो. आजीने एवढेच विचारले, "त्यात कोणी होतं काय?" मी हसलो. यंत्राला कसला जीव, म्हणालो. तिला रामाचे नाव घ्यायचे की नाही, एवढेच ठरवायचे होते, हे ध्यानात आले नाही. शेवटचे अंतराळवीर १९७४ च्या फेब्रुवारीतच परतले होते. स्कायलॅब रिकामी होती. एवढे सांगितले असते तरी पुरे होते.