अंकुशनगरला केव्हा यावं?

हवामानाचा अभ्यासक म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. पाऊस कधी, आणि अमुक ठिकाणी फिरायला कधी जावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॅरिबियन बेटांबाबत सोपं आहे. डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, 1 जून ते 30 नोव्हेंबर चक्रीवादळांचा. 29 जून 2024 रोजी बार्बाडोसमध्ये विश्वचषक जिंकलेला आपला क्रिकेट संघ बेरिल वादळामुळे तिथेच अडकून पडला, तेव्हा ही तारखांची चौकट मराठी घराघरांत पोचली.

अंकुशनगरबद्दल मात्र मला कोणी विचारत नाही. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, गोदावरीच्या डाव्या अंगाला, महाकाळा शिवारात समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं हे गाव. अंकुशराव टोपे यांच्या नावाचं. गंमत अशी, की त्याचा अक्षांश आणि ग्रँड केमन बेटाचा अक्षांश जवळपास एकच, साडेएकोणीस अंशांच्या आतबाहेर. सूर्य दोघांवर सारखाच तळपतो. पण तिथे चहूबाजूंनी समुद्र आणि सतत वाहणारे व्यापारी वारे, त्यामुळे बारा महिने दिवस तिशीच्या आसपासच. इथून समुद्र तीनशेएक किलोमीटर लांब आणि मध्ये सह्याद्री आडवा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, जानेवारीच्या पहाटे दहाच्या आसपास येतो. एकाच दिवसात पंधरा-अठरा अंशांचा फरक ही आमच्याकडे बातमी नाही.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. वर्षाच्या पावसातला बहुतेक वाटा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, पण तो सलग नसतो. मृग-आर्द्रा बरसून जातात, मग खंड पडतो आणि माणसं आभाळाकडे बघत बसतात. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा पश्चिमेकडे सरकला की उत्तरा-हस्तात एकदम भरपाई होते, कधी नको इतकी. 2025चा सप्टेंबर मराठवाडा विसरणार नाही. अंबडच्या मत्स्योदरी देवीची नवरात्र नेमकी याच दिवसांत येते. तेव्हा दर्शनाला येणाऱ्यांनी छत्री घ्यावी आणि गाडी डांबरावरच ठेवावी. काळ्या रानात रुतलेलं चाक ट्रॅक्टरशिवाय निघत नाही.

पण अंकुशनगरचे खरे पाहुणे दर्शनाचे नाहीत आणि पर्यटनाचेही नाहीत. ते दसरा-दिवाळीनंतर येतात, पाच-सहा महिने राहतात आणि त्यांच्यासाठी हवामानाची मार्गदर्शिका आजवर कोणी लिहिलेली नाही. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं, गव्हाणीत पहिली मोळी पडली, की उसाच्या फडांजवळ ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. मुकादमाकडून उचल घेतलेलं जोडपं म्हणजे एक कोयता. कोयत्याबरोबर पोरंबाळं, बैल, कोंबड्या आणि एखादी शेळी.

ते याच दिवसांत का येतात, याचं उत्तर आभाळातच आहे. पाऊस संपून रात्री गार पडू लागल्या की उसाची वाढ मंदावते. दिवसभराच्या उन्हात तयार झालेली साखर वाढीवर खर्च न होता कांड्यात साठते. म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारीत उतारा चढतो. मार्चनंतर ऊन कडक झालं की तोडलेला ऊस झपाट्याने वाळतो, वजन घटतं. कॅरिबियनमध्येही ऊस कोरड्या हंगामातच तोडतात. एवढाच फरक, की ज्या महिन्यांत तिथे पाहुणा वाळूवर पहुडतो, त्याच महिन्यांत आमचा पाहुणा अंधारात उठून दव पडलेल्या फडात शिरतो.

साखरेला मानवणारी थंडी कोपीला मानवत नाही. निरभ्र आकाश आणि कोरडी हवा यांमुळे जमिनीची ऊब रात्री भराभर निघून जाते. फड बहुधा ओलिताच्या सखल रानात असतो आणि जड गार हवा तिथेच साचते. वेधशाळेचं किमान तापमान बारा असलं, तरी पाटाकडेच्या कोपीत ते त्याहून कमी असू शकतं. हवामानाच्या अंदाजात हा फरक कधीच छापला जात नाही.

त्याहून वाईट म्हणजे अवकाळी. उत्तरेकडून पश्चिमी विक्षोभाची थंड हवा वर येते, खाली समुद्राकडची दमट हवा असते आणि दोन्ही एकत्र आल्या की गारा पडतात. 2014चा फेब्रुवारी-मार्च, 11 फेब्रुवारी 2018ची जालना-बीडमधली गारपीट, 2023च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. या सगळ्या तारखा गाळप हंगामातल्याच आहेत. शेतकऱ्याचं नुकसान पंचनाम्यात निदान नोंदलं तरी जातं. कोपीत पाणी शिरलं, पीठ भिजलं, गाडी फडातून निघेना, तोड थांबली आणि मजुरी बुडाली, याला पंचनाम्याचा रकानाच नाही. मला हा आमच्या शास्त्राचा नाही, त्याच्या पत्त्याचा दोष वाटतो. इशारा निघतो तो जिल्ह्याच्या नावाने, सल्ला निघतो तो पिकाच्या नावाने, आणि परगावाहून आलेली टोळी दोन्हींत बसत नाही.

उन्हाळ्याचं फार सांगण्यासारखं नाही. फाल्गुनात पैठणच्या नाथषष्ठीला जाणाऱ्यांनी सकाळी लवकर निघावं. गाळप संपून पट्टा पडला की कोप्या मोडतात. मग वळवाची वादळं, आणि त्यात झाडाखाली थांबणं म्हणजे विजेला आमंत्रण.

टोळीला इशारा द्यायला साधन नाही असं कोणी म्हणू नये. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं आहे. कमी आहे ती शेवटची कडी, आणि ती कारखान्यांकडे आयती आहे. कोणती टोळी आज कुठल्या शिवारात आहे हे शेतकी विभागाला पाठ असतं. चिटबॉय रोज फडावर जातो. त्याच्या हाती तोडीच्या चिठ्ठीसोबत दुसऱ्या दिवसाचा इशाराही द्यावा. गारांचा इशारा असेल त्या रात्री जवळच्या शाळेची खोली किंवा गोदाम उघडं ठेवावं. राज्यातल्या प्रत्येक कारखान्याच्या संचालक मंडळाने पुढच्याच बैठकीत हा एक ठराव करावा.