फिक्स्ड गिअरच्या चेनला ताण कसा द्यावा?

फिक्स्ड गिअर सायकलीला फ्रीव्हील नसते. मागचे स्प्रॉकेट हबवर आट्यांनी घट्ट बसवतात आणि उलटा जोर आल्यावर ते सुटू नये म्हणून त्याच्या बाहेरून डाव्या आट्यांची लॉकरिंग आवळतात. चाक फिरते तोवर पायडल फिरतेच. उतारावर पाय स्थिर ठेवून बसता येत नाही. वेग कमी करायचा तर फिरत्या पायडलला पायाने विरोध करावा लागतो. ट्रॅकवरच्या शर्यतींत ब्रेक नसलेल्या सायकली याच जोरावर आवरल्या जातात. चेन ताणण्याचे साधन निवडताना हीच गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते.

फ्रीव्हीलच्या सायकलीत चेनचा फक्त वरचा पदर ओढला जातो, खालचा मोकळाच राहतो. फिक्स्ड गिअरमध्ये पायाने विरोध केला की ओढ खालच्या पदरावर येते आणि वरचा सैल पडतो. ही ओढ लहान नसते. ४६ दात्यांच्या चेनव्हीलची त्रिज्या सुमारे ९३ मिलिमीटर भरते. क्रँक १६५ मिलिमीटरची असेल आणि ती आडवी असताना पायडलवर ६० किलोचा भार आला, तर चेनवर १०० किलोपेक्षा जास्त ओढ येते. चाक घसरवून थांबणारा स्वार हा सगळा जोर एकाएकी खालच्या पदरावर आणतो.

म्हणूनच सिंगल स्पीड सायकलींसाठी विकला जाणारा स्प्रिंगचा टेन्शनर इथे चालत नाही. त्याची छोटी पुली खालच्या पदराला स्प्रिंगच्या जोराने दाबून धरते. तो पदर मोकळा असेपर्यंत हे ठीक चालते. पण खालून ओढ आली की स्प्रिंग हार खाते, दांडी खेचली जाते आणि तेवढी सगळी ढील वरच्या पदरात जाते. मग दांडी वाकते, ती ज्या कानाला बसवलेली असते तो पिळतो किंवा चेन उतरते. स्प्रिंगऐवजी बोल्टने पक्की केलेली पुलीही फार वेगळी नाही, कारण जोर पुन्हा त्याच बारीक दांडीवर येतो. धावत्या सायकलीची उतरलेली चेन स्प्रॉकेट आणि फ्रेमच्या मधे अडकली तर मागचे चाक जागीच जाम होते. पायडलवरच थांबणाऱ्या स्वाराचा मागचा ब्रेकही चेनबरोबरच जातो.

तेव्हा फिक्स्ड गिअरची चेन पुलीने दाबून ताणायची नसते. मागचा आस आणि क्रँकचा आस यांच्यातले अंतर वाढवून ती ताणायची असते. हे अंतर किती आणि कसे बदलता येईल, ते फ्रेमच्या मागच्या खाचेवर ठरते. खाचा मुख्यतः तीन प्रकारच्या असतात.

ट्रॅक सायकलींची खाच आडवी आणि मागे उघडणारी असते. नट सैल करून चाक मागे ओढले की चेन ताठ होते. जुन्या रोड सायकलींची खाच साधारण आडवी, पण पुढे उघडणारी असते. तिच्यातही चाक सरकते, मात्र जागा थोडी मिळते. गिअरच्या आधुनिक सायकलींची खाच उभी असते. तिच्यात चाक मागेपुढे सरकतच नाही.

मागे उघडणाऱ्या खाचेसाठी चेन टग हे योग्य साधन. आसावर बसणारी कडी, तिच्यातून निघणारा बोल्ट आणि फ्रेमच्या टोकाला टेकणारी पट्टी, एवढीच त्याची रचना. बोल्ट आवळत गेले की आस मागे खेचला जातो. आपल्याकडच्या रोडस्टर सायकलींच्या मागच्या चाकाला असणारा चेन अ‍ॅडजस्टर याच कुळातला. टग घेताना तीन मापे पाहावीत. पहिले, कडीचे भोक. ट्रॅक हबचा आस बहुधा १० मिलिमीटरचा असतो, तर काही बीएमएक्स सायकलींचा १४ मिलिमीटरचा. दुसरे, फ्रेमच्या टोकाची जाडी आणि आकार, कारण पट्टी तिथे सपाट टेकली पाहिजे. तिसरे, टग मधे आल्यावरही नटाला पुरेसे आटे मिळतील एवढी आसाची लांबी. चेनची ओढ उजवीकडे असल्याने एकच टग घ्यायचा तर तो उजव्या बाजूला. दोन घेतल्यास चाक सरळ बसवणे सोपे जाते. आस धरून ठेवण्याचे मुख्य काम मात्र नटांचेच. नट ढिले असतील तर उत्तम टगही उपयोगी पडत नाही.

पुढे उघडणाऱ्या खाचेत असा टग सहसा बसत नाही. काही जुन्या फ्रेमच्या खाचेत मागून बारीक स्क्रू येतो, पण तो आसाला मागे जाण्यापासून अडवतो आणि चेन तर आसाला पुढे ओढते. तिथे दातेरी तोंडाचे चांगले नट आणि १५ मिलिमीटरचा लांब पाना यांवरच भिस्त ठेवावी लागते.

उभ्या खाचेसाठी तीन मार्ग उरतात. एक्सेंट्रिक बॉटम ब्रॅकेटमध्ये क्रँकचा आसच पुढे-मागे फिरवता येतो, पण त्यासाठी बहुतेक वेळा फ्रेम तशी बनवलेली असावी लागते. एक्सेंट्रिक हबमध्ये हीच सोय मागच्या चाकात असते. अमेरिकेतल्या व्हाइट इंडस्ट्रीजचा ईनो हब हे त्याचे परिचित उदाहरण. हब फिरवल्यावर चाक किंचित वरखालीही होते, त्यामुळे रिम ब्रेकच्या गुटक्या पुन्हा जुळवाव्या लागतात. तिसरा मार्ग, चेन बिनढील बसेल अशी दात्यांची जोडी शोधणे. यात खर्च सर्वांत कमी, पण चेन झिजली की जुळणी बिघडते.

दात्यांचा हिशेब सोपा आहे. चेनच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. चेनव्हीलचा किंवा स्प्रॉकेटचा एक दाता वाढवला की आस सुमारे ३ मिलिमीटर पुढे येतो. बाहेरची आणि आतली अशी एक पूर्ण कडी कमी केली की तो १२.७ मिलिमीटर पुढे येतो. हाफ लिंक, म्हणजे अर्धी कडी, वापरली तर हेच अंतर निम्मे होते. खाच आखूड असेल तेव्हा तिचा उपयोग होतो.

ताण किती द्यायचा हे क्रँक पूर्ण फिरवून ठरवावे. चेनव्हील अगदी मध्यावर क्वचितच बसलेले असते, म्हणून एका जागी चेन ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागते. सर्वांत ताठ जागीही ती किंचित हलली पाहिजे, आणि सर्वांत सैल जागी पदराच्या मध्यावर अर्ध्या इंचाहून फार जास्त हलता कामा नये. पार ताठ चेन बेअरिंगवर भार टाकते आणि चाक जड फिरवते. फरक मोठा असेल तर अमेरिकेतले मेकॅनिक शेल्डन ब्राऊन (१९४४–२००८) यांनी सांगितलेली रीत वापरावी. चेनव्हीलचे बोल्ट थोडे सैल करायचे, ताठ जागी चेनवर हलके ठोकायचे, क्रँक फिरवून पुन्हा तपासायचे आणि फरक मिटल्यावर बोल्ट आवळायचे. हे करताना बोटे चेनपासून दूर ठेवावीत. फ्रीव्हील नसल्याने फिरते चाक बोट दात्यांत ओढून नेते.

झिजेने चेन लांबते. नव्या चेनच्या २४ पिनांची अंतरे बरोबर १२ इंच भरतात. तीच १२ इंच आणि १/८ भरली तर चेन सुमारे एक टक्का लांबली. साधारण १०० पिनांच्या चेनमध्ये एवढ्याने आस ६ मिलिमीटर मागे न्यावा लागतो. अशी चेन टगने ताणत बसण्यापेक्षा बदलावी.

एकूण निवड अशी ठरते: मागे उघडणारी खाच असेल तर टग, पुढे उघडणारी असेल तर चांगले नट, उभी असेल आणि खर्चाची तयारी असेल तर एक्सेंट्रिक हब. स्प्रिंगचा टेन्शनर यांपैकी कुठल्याही फ्रेमवर, कितीही स्वस्त मिळाला तरी, फिक्स्ड गिअरला लावू नये.